आगराच्या मिठाला पाणी सुटतं आणि ते कडू लागतं. भेसळ समजायची का?

डिचोलीची_सून

नमस्कार. माझं माहेर कोल्हापूर, त्यामुळे मीठ म्हणजे पुडी फोडायची आणि बरणीत ओतायची, एवढंच मला ठाऊक. इकडे गोव्यात मात्र दर मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या, खरेदीत आगराच्या (मिठागराच्या) मिठाचं एक पोतं येतं. सासूबाईंचा हिशोब ठरलेला आहे: थोडं चेपणीच्या तोरांना (मिठात मुरवायच्या कोवळ्या कैऱ्यांना), थोडं बांगडे खारवायला, उरलेलं माडांच्या मुळांत. पोतं मागच्या पडवीत लाकडी फळीवर ठेवलेलं असतं.

यंदा पाऊस सुरू झाला आणि पोत्याखालून पाणी वाहायला लागलं. आधी वाटलं कौलं गळतायत, पण वर सगळं कोरडं. बोट लावून चाखलं. पहिल्यांदा खारट, मागाहून इतकं कडू की चूळ भरावी लागली. पोत्याजवळच्या खिडकीचे गज खालच्या बाजूने गंजलेत, बाकीच्या खिडक्यांचे ठीक आहेत. स्वयंपाकघरातल्या पुडीच्या मिठाला मात्र काहीही झालेलं नाही.

सासूबाई म्हणतात, "मीठ पाझरता, पाझरूं दी." नवऱ्याचं ठाम मत, विकणाऱ्याने युरिया मिसळला. हे पाणी नेमकं कसलं? आणि असलं मीठ लोणच्यात घालावं का?

म्हापशाचा_बाजार

भेसळच. रस्त्याकडेला घेतलं असेल तर आणखी काय होणार? परत द्या पोतं. पुडीचं घ्या, बरणीत चार दाणे तांदळाचे टाका, प्रश्न मिटला.

आगरावरचा

ताई, पोतं परत देऊ नका. माझं लहानपण पेडण्याकडच्या आगरावर गेलं. वडिलांनी मीठ काढणं सोडलं तेव्हा मी कॉलेजात होतो, आता शाळेत विज्ञान शिकवतो. सासूबाई जे सांगतात तेच आमच्या घरीही सांगायचे. त्यामागचं कारण मला बीएस्सीला कळलं. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

खाली गळतंय ते मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराईडचं पाणी. कुणी मिसळलेलं नाही, समुद्रातूनच आलंय. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं आपलं खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, सुमारे २७ ग्रॅम. बाकीच्यात मॅग्नेशियमचे क्षार पाचएक ग्रॅम, कॅल्शियम सल्फेट सव्वा ग्रॅमच्या आसपास, आणि थोडं पोटॅशियम वगैरे. म्हणजे कडू माल पहिल्यापासून पाण्यात आहेच. तो मिठाबरोबर पोत्यात येऊ द्यायचा नाही, आगरवाल्याची सगळी कला ती.

हे जमतं कारण सगळे क्षार एकाच वेळी खाली बसत नाहीत. पाणी आटत आटत मूळच्या निम्म्यावर आलं की आधी चुन्याचा साका बसतो. पाचव्या हिश्शावर आलं की कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, बसायला लागतं. (भाजून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात तेच.) दहाव्या हिश्शावर आलं की मीठ. मॅग्नेशियम शेवटपर्यंत पाण्यातच राहतं, ते सहज खाली बसत नाही. म्हणून आगरात एकच मोठा खड्डा नसतो. भरतीचं पाणी पहिल्या मोठ्या तळ्यात, तिथून पसरट वाफ्यात, तिथून लहान चौकोनात असं पुढे पुढे सरकवतात. चुना आणि जिप्सम मागे राहतात, शेवटच्या चौकोनात फक्त मिठाचे खडे धरतात, आणि उरलेलं कडू पाणी योग्य वेळी सोडून द्यायचं असतं. ही वेळ ओळखणं महत्त्वाचं. शिकलेले लोक त्यासाठी पाण्याचा दाटपणा, म्हणजे बोमे अंश, मोजायचा काचेचा काटा वापरतात: समुद्राचं पाणी साडेतीन, मीठ धरायला लागतं साधारण पंचवीसला, आणि तीसच्या जवळ गेलं की मिठावर कडूपणा चढायला लागतो. वडिलांकडे काटा नव्हता. पाणी बोटांना तेलकट लागलं की ते म्हणायचे, आता पुरे, सोडा.

मग तुमच्या पोत्यात कडू कसं आलं? मिठाच्या खड्यांना आणि खड्यांमधल्या फटींना ते पाणी चिकटून येतं. त्यासाठीच मीठ ओढून बांधावर रास घालतात, वर चुडतां (माडाच्या झावळ्या) नाहीतर गवत टाकतात आणि निथळू देतात. एप्रिलचं मीठ असेल तर निथळायला वेळ मिळतो. मेच्या अखेरीस आभाळ काळं दिसायला लागलं की सगळे घाईत असतात, ओलं मीठ थेट पोत्यात जातं. तुमचं पोतं बहुधा त्या घाईतलं.

आता पाणी कुठून आलं? हवेतून. प्रत्येक क्षाराची एक मर्यादा असते: हवेतली सापेक्ष आर्द्रता तिच्यावर गेली की तो क्षार हवेतली वाफ ओढून स्वतःच विरघळायला लागतो. शुद्ध मिठाची मर्यादा ७५ टक्के. मॅग्नेशियम क्लोराईडची फक्त ३३. गोव्यात डिसेंबर-जानेवारीच्या दुपारीसुद्धा हवा इतकी कोरडी क्वचितच असते, आणि जून-जुलैत तर आर्द्रता ८५-९० च्या घरात. म्हणजे मॅग्नेशियम बारा महिने ओलंच, आणि पावसाळ्यात साधं मीठही त्याच्या सोबतीला. पुडीच्या मिठातलं मॅग्नेशियम कारखान्यात जवळजवळ काढून टाकलेलं असतं, शिवाय दाणे चिकटू नयेत म्हणून एखादा पदार्थ अगदी थोडा घालतात. तरीही त्या बरणीचं झाकण दोन दिवस उघडं ठेवून बघा, जूनमध्ये तेही ओलं होईल.

हाच ७५ चा आकडा आगराचा हंगामही ठरवतो. मीठ धरण्याच्या बेतात आलेलं पाणी अतिशय दाट असतं, आणि भोवतालची आर्द्रता पंचाहत्तरच्या वर असेल तर ते सहज आटत नाही. म्हणून दुपारचा समुद्री वारा लागतो, ओली हवा हलवून नेणारा. त्यात नदीचंही गणित आहे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशीसुद्धा वरचं पाणी जवळजवळ गोडं होतं. दिवाळीनंतर नदीचा जोर ओसरतो आणि खारं पाणी आत शिरतं, मेपर्यंत तर कित्येक किलोमीटर वर पोचतं. त्यामुळे आगर जानेवारी ते मे. पाणी आत घ्यायचं ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. तेव्हा सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, भरती सर्वात वर चढते आणि मानशीची (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेची) दारं उघडली की पंपाशिवाय तळं भरतं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणून घड्याळापेक्षा आगरवाल्याला पंचांग जास्त कामाचं.

गजांचं म्हणाल तर लोखंडावर एक पातळ थर असतो, तो थोडंफार रक्षण करतो. क्लोराईड तो फोडतं. शिवाय मॅग्नेशियम क्लोराईडचा ओलावा कधीच सुकत नाही, त्यामुळे गंजायचं काम रात्रंदिवस चालू. पोतं त्या भिंतीपासून लांब ठेवा आणि गज गोड्या पाण्याने धुवून मग रंगवा.

युरियाचा संशय नवऱ्याच्या डोक्यातून काढायचा असेल तर एक प्रयोग. पानाचा चुना पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, वरची नितळ निवळी काचेच्या पेल्यात घ्या. पोत्याखालचे थेंब थोड्या पाण्यात मिसळून त्यात घाला. मॅग्नेशियम असेल तर लगेच पांढरं गढूळ होईल. तो मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड, पोट साफ करायच्या पांढऱ्या औषधातला. युरियाच्या पाण्याने असं होत नाही. चुना डोळ्यांपासून जपा.

म्हापशाचा_बाजार

मास्तर, एवढा खटाटोप कशाला? मिरामारच्या समुद्रातून कळशीभर पाणी आणायचं आणि घरच्या गॅसवर आटवायचं. ताजं मीठ, ना बांध ना मानस.

वेर्णा_शिफ्ट

बाजारभाऊंसाठी हिशोब करून आलोय, बॉयलरवर काम करतो म्हणून हात शिवशिवले.

एक किलो मिठासाठी सुमारे ३७ लिटर समुद्राचं पाणी लागेल. एक किलो पाणी तीसवरून शंभर अंशांवर न्यायला आणि मग त्याची वाफ करायला मिळून साधारण २.५५ मेगाज्यूल. बहुतेक सगळी ऊर्जा वाफ करण्यात जाते, तापवण्यात फार नाही. ३६ किलो पाण्याला झाले ९२ मेगाज्यूल. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, किलोला ४६ मेगाज्यूल धरले तर एकूण ६५० च्या आसपास. शेगडीची निम्म्याहून थोडी जास्त उष्णता भांड्यात जाते, बाकी स्वयंपाकघर तापवते. उत्तर: भरलेल्या सिलिंडरवर सुमारे चार किलो मीठ.

आणि तेही कडूच निघणार, कारण तुम्ही सगळं पाणी आटवून टाकलंत. आगरात शेवटचं पाणी सोडतात, ते तुमच्या कढईतच राहिलं. आगरवाला हे काम सूर्य आणि वाऱ्याकडून फुकट करून घेतो. त्याला फक्त जागा जास्त लागते.

डिचोलीची_सून

सगळ्यांचे आभार. आगरावरचे दादा, चुन्याचा प्रयोग केला, पेला दुधासारखा झाला. शेजारी पुडीच्या मिठाचं पाणी घालून दुसरा पेला ठेवला होता, तो नितळच. नवरा आता म्हणतोय, "मी युरिया असेल म्हणालो होतो, आहे असं नाही." असो.

दोन शंका उरल्या. हे मीठ मी धुऊ शकते का? नुसत्या पाण्याने धुतलं तर सगळंच वाहून जाईल ना. दुसरी, मागच्या वर्षी खारवलेल्या बांगड्यांवर ऑगस्टमध्ये गुलाबी डाग पडले होते. सासूबाईंनी फेकून दिले. तेही मॅग्नेशियम का?

ताळगावची_जीवशास्त्री

गुलाबी डागांचं मी सांगते, माझा जिव्हाळ्याचा विषय. ते मॅग्नेशियम नाही, ते जिवंत आहेत.

मीठ सगळे जिवाणू मारतं असं आपण धरून चालतो. बहुतेकांना मारतंही: बाहेर खारट, आत कमी खारट, मग पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती सुकते. पण मीठप्रिय आर्किया नावाचे सूक्ष्मजीव उलटे. बाहेर दाट मीठ असेल तरच ते धड राहतात, गोड्या पाण्यात टाकले तर फुटतात. आपल्या पेशीत ते पोटॅशियम क्लोराईड भरून ठेवतात, त्यामुळे आतबाहेरचा तोल राहतो. त्यांच्यात गाजराच्या रंगद्रव्याच्या नात्यातली लाल रंगद्रव्यं असतात, ती भर उन्हापासून वाचवतात. मार्च-एप्रिलमध्ये आगराचे शेवटचे चौकोन कधी कधी गुलाबी दिसतात, ती यांची करामत, आणि सोबत डुनालिएला नावाचं शेवाळ असतं. ते शेवाळ पोटात ग्लिसरॉल साठवून तोल सांभाळतं. म्हणजे अडचण एक आणि दोघांनी काढलेल्या वाटा वेगळ्या. त्यांना खाणारे इवलेसे आर्टेमिया झिंगेही त्याच पाण्यात पोहतात.

या आर्कियांतल्या काहींकडे बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे प्रथिन असतं. प्रकाश पडला की ते पेशीतून प्रोटॉन बाहेर ढकलतं आणि त्यावर पेशी आपली ऊर्जा बनवते. हरितद्रव्य नाही, तरी उन्हावर जगणं. १९७१ मध्ये हे कळलं तेव्हा मोठीच खळबळ उडाली होती.

खडा धरताना त्यात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब अडकतात, त्या थेंबांत हे जीव टिकून राहतात. म्हणून आगराच्या मिठाने खारवलेल्या मासळीवर ते आपोआप पोचतात, आणि पावसाळ्याची ऊब आणि दमट हवा मिळाली की वाढतात. मासळी मऊ पडते, वास येतो. सासूबाईंनी फेकली ते योग्यच. पुढच्या वेळी खारवल्यावर कडक ऊन द्या आणि घट्ट डब्यात थंड जागी ठेवा. ही मंडळी गारव्यात फार हळू वाढतात.

आगरावरचा

धुण्याचं सांगतो. ताईंची शंका रास्त आहे, नुसत्या पाण्याने मीठच जाईल. मिठाच्या पाण्याने धुवायचं. पातेल्यात पाणी घ्या, त्यात मीठ टाकत ढवळत राहा, तळाशी न विरघळलेले दाणे उरले की थांबा. या पाण्यात आणखी मीठ मावत नाही, पण मॅग्नेशियम मावतं. आगराचं मीठ वेताच्या टोपलीत घालून वरून हे पाणी हळूहळू ओता. कडू पाणी वाहून जातं, खडे जवळजवळ तेवढेच राहतात. कारखान्यातही याच तत्त्वावर धुतात. मग सुकवायचं. आता पावसाळ्यात ते होणार नाही, उघडीप मिळाली तर बघा, नाहीतर दिवाळीनंतर. तोवर पोत्याखाली टोपली आणि तिच्याखाली मातीचं भांडं ठेवा, जे गळतंय ते गळू दे. जुनं, पूर्ण निथळलेलं मीठ आमच्या घरात लोणच्यासाठी वेगळं ठेवायचे.

तोरांपुरतं बोलायचं तर थोडा कडूपणा सोडला तर घाबरण्यासारखं काही नाही. उलट आगराच्या मिठात जे थोडं जिप्सम राहतं त्यातलं कॅल्शियम कैरीच्या सालीतल्या पेक्टिनला घट्ट धरतं. त्यामुळे तोर करकरीत राहायला मदत होते.

रोजच्या भाजी-आमटीला मात्र पुडीचं आयोडीनयुक्तच वापरा. हे मी आगरवाल्याचा मुलगा असून सांगतोय. आपल्याकडे २००६ पासून थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला बंदी आहे, आणि गलगंडाचा इतिहास पाहता ती बंदी शहाणपणाची आहे. आगराच्या मिठात आयोडीन नसल्यातच जमा: समुद्रात ते मुळात अगदी थोडं, आणि असतं तेही कडू पाण्याबरोबर निघून जातं.

वेर्णा_शिफ्ट

आगरं आणखी एका कायद्याने मारली होती, हेही सांगा. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात गोव्याच्या मिठाचा मक्ता ब्रिटिशांकडे गेला, १८९२ पर्यंत. बदल्यात आपल्याला मुरगाव बंदर आणि रेल्वे मिळाली.

आगरावरचा

हो, आजोबांचे वडील त्या काळातले. त्या विषयावर वेगळा धागा काढा, इथे ताईंचं पोतं गळतंय.

डिचोलीची_सून

शेवटचं विचारते. माडांना मीठ घालतात ते खरंच उपयोगी आहे का? मला तर वाटायचं मिठाने झाड मरतं.

आगरावरचा

बहुतेक झाडं मरतील, मिरची-वांग्याच्या वाफ्यात चुकूनही टाकू नका. माड वेगळा. त्याला क्लोरीन बऱ्यापैकी लागतं. पानांवरची छिद्रं उघडताना-मिटताना त्या छिद्रांच्या कडेच्या पेशी पोटॅशियमबरोबर क्लोराईड वापरतात. किनाऱ्यावर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातून ते फुकट मिळतं. तुम्ही डिचोलीला, म्हणजे बऱ्याच आत. शिवाय वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला की जांभ्या मातीत विरघळणारं काही उरत नाही. जांभा झालाच त्यामुळे: लाखो वर्षांच्या पावसाने सिलिका आणि बाकीचं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून माडाच्या आळ्यात पसरून घातलेलं मीठ आतल्या गावांत कामाला येतं. तुमचं कडू मीठही चालेल, मॅग्नेशियम तर हरितद्रव्याच्या मधोमध बसलेलं असतं, ते माडाला हवंच.

भर पावसात घालू नका, वाहून जाईल. पाऊस ओसरल्यावर, खोडाला न चिकटवता घाला. आणि आधी विहीर कुठे आहे ते बघा. जांभा सच्छिद्र असतो, वरचं पाणी भराभर खाली उतरतं. विहीर उताराच्या खालच्या अंगाला आणि माडांच्या जवळ असेल तर त्या माडांना मीठ नको, चुलीची राख घाला.